आबांच्या कवळीचं अस्तर

७ जानेवारी, बुधवार
सकाळी इन्क्युबेटरमधून बुरशी वाढवायच्या प्लेटा काढल्या. कवळीच्या मऊ अस्तराच्या तुकड्यांवरून घेतलेल्या सगळ्या भरून गेल्यात, दह्याचे शिंतोडे उडाल्यासारख्या. कडक अॅक्रिलिकच्या प्लेटांवरही बुरशी आहे, पण विरळ. सिलिकॉनच्या या दोन्हींच्या मधे कुठंतरी.
अपेक्षितच होतं. मऊ थर सच्छिद्र असतो, बुरशीला धरून बसायला जागा मिळते. प्रबंधाच्या सुरुवातीला मीच तसं लिहिलंय. मग परत परत बघतेय कामून?
फरहीन, माझी रूममेट, मागून म्हणाली, "कायकू इतना घूरती उनको? देखने से कम होते क्या?"
हसले. तिला सांगितलं नाही की हेच अस्तर दिवाळीआधी मी आबांच्या, माझ्या वडिलांच्या, कवळीला आतून घातलंय.

८ जानेवारी, गुरुवार
झोप नीट नाही. ओपीडीत दोनदा चुकीचा ट्रे उचलला.
आबांचे दात मागच्या वर्षी इथंच, आमच्या दंत महाविद्यालयात काढले, कवळी इथंच बसवली. पण वरच्या हिरडीत हाडाची धार आहे, ती टोचायची. कवळी खिशात आणि तोंड मोकळं. सगळ्यात वाईट म्हणजे शिट्टी गेली. जन्मभर मेंढरं त्या शिट्टीवर वळवलेली. सोयगावहून कळप गंगापूरकडे निघायच्या आधी मीच वरच्या कवळीला मऊ थर दिला. तात्पुरता. आबा खुर्चीतून उठले, कॉरिडॉरमध्ये गेले आणि शिट्टी घातली. लांब, शेवटाला वर जाणारी. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शिपाई ओरडत आला, मग तोही हसला. मला तेव्हा वाटलं, झालं, यासाठीच शिकले.
अस्तर बदलायला या म्हणून फोन केले. दर वेळी एकच, "मेंढरं कोन बघीन?"

९ जानेवारी, शुक्रवार
आबांशी बोलले. लासूर स्टेशनच्या अलीकडं एका शेतात मेंढरं बसवलीत.
"कवळी कशी आहे?"
"लई ब्येस."
"रात्री काढून ठेवता ना? पाण्यात?"
"रातीला कशी काढू? लांडगा आला तर शिट्टी कशानं घालू? मागल्या आठवड्यात पार वाघरीपस्तोर आलता."
वाघर म्हणजे कळपाभोवतीचं जाळं. कळप वाचला तो शिट्टीनं आणि कुत्र्यांनी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दिवाळीपासून कवळी तोंडातच. दिवसरात्र.
मी पेशंटला रोज सांगते, रात्री कवळी काढा, हिरडीला हवा लागू द्या. कागद छापलाय त्याचा. त्यात लांडग्याचं काही नाही.

११ जानेवारी, रविवार
सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशन, पुढं काळीपिवळी जीप, मग चालत. तुरीच्या मोकळ्या रानात मेंढरं. आई चुलीपाशी. मला बघून आधी हसली, मग कुरकुर सुरू, "तुझ्या आबाला झालंय काय त्ये इचार. चटनी सोडली. कालवन बी तिखट लागतं म्हनं. भाकर दुधात कुस्करून गिळतो बारक्या पोरावानी."
आबा बारीक झालेत. सदरा खांद्यावर लोंबतोय. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही.
उन्हात बसवलं, कवळी काढायला लावली. टाळू लालभडक, नेमका कवळीच्या आकाराचा. वर पांढरे पापुद्रे, बोळ्यानं पुसले की निघतात आणि खाली रक्ताळतं. ओठांचे कोपरे चिरलेले. अस्तराचा रंग गेलाय, कडेनं सुटत आलंय, वास येतोय.
"दुखत नव्हतं?"
"आग व्हते जराशी. त्याला काय व्हतं?"
साखर तपासायचं मशीन नेलं होतं. एवढा चढा आकडा बघून दुसरं बोट टोचलं. तोच.
आईला काही कळेना. "गोड तर खातच नाय त्यो," एवढंच म्हणत राहिली.
मी म्हणाले, कवळी माझ्याकडे राहू द्या, अस्तर काढून टाकते. आबा उठले, कळपाकडे तोंड केलं, आणि बिनदाताची शिट्टी घातली. नुसती हवा. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. पुन्हा घातली. पुन्हा हवा. मग माझ्याकडे वळून, "बघितलं?"
कवळी माझ्या हातातून घेतली, पाण्यानं खळबळली आणि तोंडात घातली.
बुरशीचं औषध देऊन आले. तोंडाचा नमुना नळीत घालून आणला. येताना गाडीत

१२ जानेवारी, सोमवार
काल लिहिता लिहिता थांबले.
मॅडमना सगळं सांगितलं, माझ्या गाईड. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. "वर्षा, नुसत्या मटेरिअलवर खापर फोडू नकोस. मधुमेह, कोरडं तोंड, चोवीस तास कवळी, घासणं नाही. या सगळ्यांनी बुरशीला घर दिलं. अस्तर म्हणजे त्या घरातली गादी."
"मग गादी मीच घातली."
"ते टोचत होतं म्हणून घातलीस. आता काढ. साखर आटोक्यात आणा. मग हाडाची धार सर्जरीवाल्यांकडून घासून घे, म्हणजे कडक कवळी टोचणार नाही."
रस्ता सरळ आहे. फक्त त्यात आबांना कित्येक आठवडे दाताशिवाय राहायचंय.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. हॉस्टेलवर तिळगूळ वाटला. फोनवर आबा म्हणाले, औषधानं आग कमी झाली, काल ठेचा चाटला. जीव हलका झाला. मग म्हणाले, "म्हंजी आता कवळी ऱ्हाऊ दे ना अशीच?"
आबा, औषध तोंडात लागतंय. अस्तराच्या आत जी बुरशी शिरलीय तिला नाही लागत. थांबवलं की परत येईल. हे तीन प्रकारे सांगितलं.
"व्हय व्हय," म्हणाले. ऐकत नसले की म्हणतात तसं.

१८ जानेवारी, रविवार
फरहीनची आयडिया. गुलमंडीच्या बाजारातून पी.टी. मास्तरची शिट्टी आणली, दोघी मिळून गेलो. आबांनी गळ्यात घातली, फुंकली. मेंढरं चारी दिशांना. कुत्री आमच्यावरच धावून आली, घोडं दावं तोडून बांधावर. फरहीन माझ्यामागं लपून, "अम्मी! अम्मी!" आबा इतके हसले की कवळी खाली आली, हातानं धरली. मी पण हसले. किती दिवसांनी.
मग आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "राती उठून उठून पानी पितो. मला भ्याव वाटतं गं वर्षे." ही बाई लांडग्याला काठी घेऊन सामोरी जाते.
शुक्रवारी सरकारी दवाखान्यात साखर उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्यात. आबांनी तिथं रांगेत कुरकुर केली नाही म्हणे. हे चांगलं की वाईट कळत नाही.

२१ जानेवारी, बुधवार
आबांच्या तोंडातल्या बुरशीच्या प्लेटा आज काढल्या. हे प्रबंधात नाही, मॅडमच्या परवानगीनं वेगळं केलं. चार प्रकारचे तुकडे: मऊ अस्तर, सिलिकॉन, कडक अॅक्रिलिक, आणि तेच अॅक्रिलिक आरशासारखं घासून. मऊ अस्तर भरलेलं. घासलेल्यावर सगळ्यात कमी.
पण कोरं काहीच नाही. कडकवर आहे, गुळगुळीतवरही आहे. मला एक तरी प्लेट कोरी हवी होती, आबांना दाखवायला.
दुपारभर कडक अॅक्रिलिकचा एक तुकडा उगाच घासत बसले. "बस कर, घिस जाएगा," फरहीन म्हणाली.

२४ जानेवारी, शनिवार
आबा आले! न सांगता. गेटवरून वॉचमनचा फोन, "मॅडम, एक बाबा आले, घोंगडीवाले."
मामा दोन दिवस कळपाजवळ आहेत म्हणाले. मेसमध्ये जेवायला नेलं. वरण-भातच घेतला. जेवताना आबांनी सांगितलं. परवा लांडगा आला. आबांनी शिट्टी घातली आणि अस्तर टाळूवरून सटकलं, कवळी निसटून जिभेवर पडली. कोकरू गेलं.
"म्हंजी तुझी गादी बी फसवती," म्हणाले. रागानं नाही. मला राग चालला असता.
मग प्लेटा दाखवल्या. खूप वेळ बघितल्या. "ह्ये सम्दं मपल्या तोंडातलं?"
"व्हय."
"आन ही गुळगुळीत, हिच्यावर बी हायेच की."
"रोज घासलं, रात्री काढून ठेवली, तर कमी राहते. जात नाही."
"मंग राखनच म्हन की. रोजची."
सर्जरीवाल्यांनी तपासलं. साखर उतरली की धार घासून देतो म्हणाले. आबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रात्री फरहीनच्या काकांकडे झोपायला पाठवलं.

२५ जानेवारी, रविवार
आबांना सोडायला स्टेशनवर गेले. गाडी लागली, आबा आत बसले, मग खिडकीत पाठ फिरवून काहीतरी करत राहिले. वळले तेव्हा उपरण्याचा पदर तोंडाशी. दुसऱ्या हातानं रुमालाची गाठ माझ्या हातात दिली. ओली, कोमट.
दोन्ही कवळ्या.
पदर क्षणभर सरकला. गाल आत गेलेले. आबांचं हे तोंड मी खुर्चीत कितीदा बघितलंय, हातात आरसा आणि दिवा घेऊन. खिडकीत बघवेना.
गाडी हलली. आबा काहीतरी म्हणाले, बरंच लांब वाक्य. दात नसल्यानं शब्द नुसते वाहून गेले, वर भोंगा. त्यांनी मान उडवून विचारलं, समजलं ना? मी मोठ्यानं हो म्हणाले. दोनदा.
संध्याकाळी फोन केला. आईनं उचलला. आबा बोलायला येत नाहीत, हातानंच नको म्हणतात, म्हणाली. मी विचारलं, गाडीत काय म्हणाले ते त्यांना विचार. तिनं विचारलं. मागं मेंढरांचा आवाज.
मग आई म्हणाली, "म्हनतो, तू व्हय म्हनलीस ना, मंग झालं."