माळ्यावरच्या बुटांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तंबू आणि सॅक शिवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. कुणाचं दडपण नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे. गुडघ्याबद्दल त्यांनी तसं म्हटलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना निम्मं-निम्मं. भांडण झालंच, तर "घर माझं" असं एकट्याला म्हणता येऊ नये.

२. शिलाई मशीन सुनेचं. बँकेतली शिल्लक दोघांची, पण आधी कलम ४ मधलं काम करावं.

३. बैठकीतला हीटर धाकट्या दिरांना द्यावा. एका हिवाळ्यात त्यांनी माझ्या यजमानांचे ओले बूट त्याच हीटरला टेकवून वाळवले आणि नवं कोरं कातडं तडकलं. तेव्हा मी गप्प बसले. भावजी, आता बोलले.

४. माळ्यावरचे हिवाळी बूट मुलाला.

हे कलम लांबणार आहे. माझे यजमान बर्फातल्या डोंगरांवर लोकांना वाट दाखवायचे. लग्नाआधी ते आमच्या खालच्या ओलसर खोलीत भाड्यानं राहत. एका वर्षी थंडी सरताना बूट हातात घेऊन वर आले. "तुमचा माळा कोरडा आहे. उन्हाळाभर हे ठेवाल का? माझ्याकडे बुरशी धरेल." ठेवले. मग दर रविवारी बूट बघायला येऊ लागले. शेवटी माझी आईच म्हणाली, "बूट आजारी आहेत का हो? की पोरीला काही विचारायचंय?" पुढच्या हिवाळ्याआधी आमचं लग्न झालं.

मुलाला मात्र हे बूट कधी आवडले नाहीत. दारातून बूट गेले की बाप घरात नाही, एवढंच त्याला कळायचं. मोठेपणीही म्हणायचा, "बाबांचं माझ्यात काही उतरलं नाही, बरंच झालं." यजमान गेले ते ऐन उन्हाळ्यात, झोपेत. बूट माळ्यावरच होते. त्यानंतरही मी दर वर्षी त्यांना मेण लावत आले. सून म्हणायची, "आई, आता घालणारं कोण आहे?" मी म्हणायचे, "कातड्याला ते कुठं माहीत?"

यंदा गुडघ्यानं शिडी चढू दिली नाही. मुलाला म्हटलं, मेणाची डबी घे आणि तू जा. बराच वेळ वर काही चाहूल नाही. मग शिडीवरून जड पावलं उतरली. बूट त्याच्या पायात होते.

"आई, बरोबर बसतात गं."

"बोटं दाबतात का?"

"नाही," म्हणाला आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिला. सून स्वयंपाकघरातून आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

तर बाळा, नीट वाच. हिवाळा संपला की लेस आणि आतले सुटे सोल काढायचे. चिखल मऊ ब्रशनं, कोमट पाण्यानं. वाळवायचे सावलीत, आत कागदाचे बोळे, ओलावले की बदलायचे. मेण पातळ लावायचं, शिवणीवर जरा जास्त. मग कापडी पिशवीत उभे ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये कातडं घुसमटतं. वर काही रचू नकोस.

आणि मुख्य म्हणजे, वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटाचा सोल आतून भुसभुशीत होतो आणि वरून काही कळत नाही. या सोलवर डोंगरात एक पाऊलही टाकू नकोस. मोच्याकडून नवीन बसवून घे. खर्च कलम २ प्रमाणे. मग कुठं जायचं ते तुझं तू ठरव. बाबांच्याच वाटेनं जायला हवं, असं मी कुठंही लिहिलेलं नाही.

फक्त, संध्याकाळी घरी ये.

वरचा मजकूर मी दोनदा वाचला. तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, शेजारचे घड्याळवाले
ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ४ एप्रिल