चुडेआईचा हात

आई, ओढ्याकाठचा तो दगड अजून उभा आहे. मागच्या महिन्यात इंदापूरला काम होतं, तशीच पुढं गावात जाऊन बघून आले. कुणीतरी त्याला पिवळा ऑइलपेंट फासलाय आणि वर पत्र्याचं शेड केलंय. खांबातून बाहेर आलेला तो कोपरात वाकलेला हात, मनगटभर बांगड्या, वर सूर्य आणि चंद्र, सगळं रंगाखाली बुजत चाललंय. तू असतीस तर आधी नखानं रंग खरवडून पाहिला असतास.

बारामतीच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा इतिहासाच्या सरांनी फळ्यावर अगदी असाच हात काढला. म्हणाले, ही सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर जी जळाली तिची खूण. बांगड्या शाबूत असतात, कारण ती विधवा झाली असं धरतच नाहीत. सूर्य-चंद्र आहेत तोवर तिची कीर्ती राहील म्हणून ते वर कोरायचे, आणि तिचं नाव मात्र कितीतरी दगडांवर नसायचंच. मी तो हात ओळखला. आपल्या गावात त्या दगडाला चुडेआई म्हणत. संक्रांतीला सवाष्णी ऊस, बोरं, हरभरा भरलेली सुगडं घेऊन तिला ववसायला जायच्या आणि नवऱ्याला आयुष्य मागायच्या. आपण कुणापुढं पदर पसरतोय, हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी, गप्प कशी बसणार? त्याच संक्रांतीला तू दगडाला कुंकू लावत होतीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ही देवी-बिवी न्हाय. नवरा मेल्यावर त्याच्यासंगं जाळलेली बाई हाय." बाया चपापल्या. तू कुंकू लावून झाल्यावर उठलीस. घरी चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणालीस, "शिकलीस ते बरं झालं. पर चार बायांत आईचं नाक कापून शानपन दावाया लागतंय व्हय?" मी फुरंगटून जेवले नाही. माझी भाकरी तू दुरडीत झाकून ठेवलीस.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. माळेगावच्या कारखान्यावरून ड्यूटी करून आले, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात असतानाच गेले. तुझ्या हातातला चुडा उतरला. त्यानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला घरात नवी वहिनी होती. तिचा पहिला ववसा, म्हणून तू पाण्याची कळशी घेऊन आमच्याबरोबर निघालीस. इतकी वर्षं तो दगड तूच धूत होतीस, पाय आपोआप वळले असतील. दगडाच्या दहा पावलं अलीकडं धाकटी चुलती आडवी आली. वाईट नव्हती गं ती, आवाजही खालीच होता तिचा. "आक्का, तुमी हितंच थांबा. चुड्याची देवी हाय. तिला चालायचं न्हाय."

तू थांबलीस. कळशी वहिनीकडं दिलीस आणि बाभळीखाली, बायांनी सोडलेल्या चपलांपाशी उभी राहिलीस. तिथून माझ्याकडं पाहिलंस. आई, मला सगळं माहीत होतं. या दगडातल्या बाईचाही नवरा मेलाच होता, एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. तुझं नाक कापताना जे वाक्य न विचारता बाहेर पडलं होतं, ते आता तोंडात घट्ट बसलं. कारण त्या बायांत बावड्याच्या पाहुण्यांपैकी एक होती आणि तिच्या भाच्याशी माझं लग्न जमत आलं होतं. जिभेनं तिखट सून कुणाला हवी असते? मी खाली बघून वहिनीच्या सुगडाचा दोरा सारखा करत राहिले.

परतताना आपण दोघी मागं राहिलो. बरंच अंतर गेल्यावर तू विचारलंस, "तू मागं म्हनाली व्हतीस, तिचा बी नवरा गेला व्हता न्हवं?"

"व्हय."

"मग ती मला नगं कशाला म्हनंल?"

उत्तराला न थांबता तू पदर सावरून पुढं निघून गेलीस. लग्न ठरलं, झालं, आणि चौथ्या वर्षी तू गेलीस. त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला वाटायचं, विसरली असशील. आता माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय आणि असं काही विसरत नाहीत, हे मला कळलंय.

मी आता इतिहास शिकवते. सतीशिळेचा भाग आला की तुझी गोष्ट सांगते, नाव न घेता. हे पत्र धाडायला तुझा पत्ता नाही, म्हणून लिहायचं धाडस तरी होतंय. मी ती गोष्ट खरी सांगत नाही, आई. मी सांगते की विधवेला अडवलं, तेव्हा तिच्या मुलीनं सगळ्या बायांना ठणकावलं आणि आईला हाताला धरून दगडापाशी नेलं. पोरं टाळ्या वाजवतात. परवा एक पोरगी रडत म्हणाली, "मॅडम, अशी लेक पाहिजे." तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि हजेरी घ्यायला लागले.