सकाळच्या खेळाला आपण तिघं

आई, गेल्या रविवारी दुपारी मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. तू मला कोल्हापूरला सकाळच्या खेळाला नेलं होतंस, तो. शहरात एक लहान मुलगा खून होताना पाहतो, खुनी तपास करणाऱ्या पोलिसाच्या मागे लागतात, आणि तो माणूस अमेरिकेतल्या आमिश पंथाच्या वस्तीत त्या मुलाच्या विधवा आईच्या शेतावर लपून राहतो. त्या वस्तीत वीज नाही, मोटार नाही, सगळे घोडागाडीतून फिरतात. इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये तो दाखवणार होते, कारण त्या लोकांचे पूर्वज म्हणे याच मुलखातून अमेरिकेला गेले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला आग्रह करून नेलं. बरोबर माझी लेक होती. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली, आता पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. पडद्यावरचा म्हातारा त्यांच्या जुन्या जर्मन बोलीत रागवायला लागला, तशा आजी माझा दंड दाबून हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! माझे वडील अगदी अस्सेच ओरडायचे."

मला हसू आलं नाही. मला त्या दिवसाचं थिएटर दिसत होतं. मी दहा वर्षांची आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झालीत, आपण आजोबांकडे राहतो, तू मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतेस. तुझ्या शाळेतले सायन्सचे सर आपल्याबरोबर आलेत. मला ते आवडतात. त्यांनीच मला लिटमसचा कागद आणून दिला होता आणि म्हणाले होते, "लिंबू पिळून बघ, मग मला सांग." तू मधे बसली आहेस. इंग्रजी सिनेमा असला की तू माझ्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगायचीस. त्या दिवशीही सुरुवातीला सांगितलंस. मग तो माणूस आणि ती बाई धान्याच्या कोठारात एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि तू सांगायची थांबलीस. मी तुझा पदर ओढला. "काय म्हणाला तो?" "काही नाही गं, बघ नुसतं," म्हणालीस. थोड्या वेळाने सर हळूच काहीतरी बोलले आणि तू तोंडावर हात ठेवून हसलीस. तुला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "कसा होता सिनेमा?" मी म्हणाले, "चांगला होता. सर पण होते. आई त्यांच्याशीच बोलत होती." तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस. थापण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्या रात्री जेवताना तू मला नेहमीसारखंच वाढलंस, जास्तीचं तूपसुद्धा. मला तू रागवायला हवी होतीस.

पुढच्या रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी आजोबांकडे सरळ तुला मागणी घातली. आजोबांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "सूनबाई, मला काय विचारायचं? तुमचं तुम्ही सांगा." तू दारात उभी होतीस. तू आधी सरांकडे पाहिलं नाहीस, आजोबांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलंस. मी पाढे लिहीत होते, मान वर केली नाही. तुझी नजर मला कळत होती, तरी केली नाही. "नाही, मामंजी," तू म्हणालीस, "आहे ते बरं आहे." सरांनी चहा पूर्ण प्यायला, कप नीट बशीत ठेवला आणि गेले. जूनमध्ये त्यांनी कोकणात बदली मागून घेतली. त्यानंतर तू त्यांचं नाव काढलं नाहीस.

सिनेमाच्या शेवटी तो माणूस शहरात परत जातो आणि ती बाई अंगणात उभी राहते. हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या आजी रागावल्या. "हिला कोणी विचारलं का, तुला काय हवंय म्हणून?" आजी ओळखीच्यांशी बोलत मागे थांबल्या; घरी परतताना ऱ्हाइनच्या काठाने चालता चालता मी लेकीला सगळं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या बाबांनाही नाही. पुलाखाली आल्यावर तिने जर्मनमध्ये विचारलं, "तुला हेवा वाटत होता का?"

"जा," मी म्हणाले. तिच्या भाषेतला होकार तो, पटकन निघून गेला. मराठीत मला इतक्या सहज म्हणता आलं नसतं. तिने माझ्या हातात हात घातला आणि आम्ही घरापर्यंत तशाच गेलो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी इतकं लिहून झालं. एकदा मावशीने त्या रविवारचा विषय काढला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "तेवढ्याशा पोरीला काय कळणार होतं?" मी शेजारच्या खोलीत होते, ऐकून मला बरं वाटलं होतं. आई, मला कळत होतं.