पिवळ्या बाटलीला हात लावण्याआधी

मी, खाली सही करणारी, रसायनशास्त्राच्या इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका. उद्या माझे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, याची खात्री डॉक्टरीणबाईंनी करून घेतली आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचे दडपण नाही. टेबलावरून मी परत आले नाही तर माझ्या मागे काय व्हावे, ते लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर धाकट्या भावाने ते शोधून वाचले असते.

कलम १. हे आधी अमलात आणावे, बाकीची मग. माझ्या खोलीतले लोखंडी कपाट कोणी उघडू नये, हलवू नये. खालच्या फळीवर पत्र्याच्या झाकणाची एक काचेची बाटली आहे. वडील रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. कारखाना बुडाला तेव्हा गोदामातल्या जुन्या बाटल्या त्यांनी घरी आणल्या, त्यातली ही शेवटची. लेबलवर ‘कार्बाझोटिक ॲसिड’ असे लिहिले आहे. हे नाव आता कोणी वापरत नाही. त्यालाच पुढे पिक्रिक ॲसिड म्हणू लागले. रेशीम पिवळे रंगवायला ते वापरत आणि कितीतरी वर्षे लोकांना वाटे की हा नुसता रंग आहे. गोदामे उडाली तेव्हा कळले की हे स्फोटक आहे. ओले असेपर्यंत ते गप्प असते. आमच्या बाटलीतले पाणी केव्हाच आटले आहे आणि झाकणाच्या कडेने पिवळे खडे धरले आहेत. झाकण फिरवले की ते घासले जाणार. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे धाकटा आणि भावजय झोपतात.

मी गप्प बसले नव्हते. स्फोटक खात्याचे निरीक्षक घरी आले, त्यांनी यादी काढली, कार्बाझोटिक हे नाव यादीत नाही म्हणाले आणि चहा पिऊन गेले. दोन्ही नावे एकाच पदार्थाची आहेत असे मी सांगितले, तर त्यांनी रसायन विभागाचा दाखला मागितला. विभागप्रमुखांनी दाखला दिला नाही. त्या बाई इतिहासाच्या, त्यांना गोष्टी सांगायची सवय आहे, असे त्यांनी कळवले. याच गृहस्थांनी माझा विषय ‘मेलेल्यांचे रसायन’ म्हणून अभ्यासक्रमातून काढला होता.

माझी शेवटची विद्यार्थिनी, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तिने जुन्या छापील कोशांतून दोन्ही नावांचा मेळ सिद्ध केला आहे. गुरुवारी ती निरीक्षकांना घेऊन येणार आहे. तोवर कपाटाला कुलूप राहावे. एवढे झाले तर बाकीची कलमे कोणी पाळली नाहीत तरी चालेल.

कलम २. बाटली गेल्यावर घराचा माझा हिस्सा धाकट्याला द्यावा. त्याला वाटते की आईचे दागिने मी त्या कपाटात दडवले आहेत. बाटलीचे सांगितले की हसतो. “ताई, लहानपणापासून ऐकतोय हे. अजून तरी छप्पर उडालं नाही,” म्हणतो. दागिने कपाटात नाहीत, कुठेच नाहीत. माझ्या शिक्षणासाठी आईने ते विकले आणि धाकट्याला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातली. आता मीही चालले आहे, तेव्हा शपथ संपली असे मी धरते.

कलम ३. आरामखुर्ची भावजयीला. तिने ती कधी मागितली नाही, पण मी कॉलेजात गेले की ती तिच्यात बसायची. उशी गरम लागायची. मला त्याचा कधी राग आला नाही, हे तिला सांगायचे राहून गेले.

कलम ४. माझी सर्व शिल्लक रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी आहे. पहिली शिष्यवृत्ती चष्मेवालीला, म्हणजे औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून तिला प्रबंध पुरा करता येईल. पुढे दरवर्षी एका अभ्यासकाला पारितोषिक द्यावे. थोरामोठ्यांच्या आरत्या ओवाळणाऱ्याला देऊ नये. विसरलेली नावे, फसलेले प्रयोग, बंद पडलेले कारखाने यांत जो हात घालील त्याला द्यावे. हा विषय मेलेल्यांचा नाही. जिवंत माणसे त्या भिंतीशी डोके टेकून झोपतात.

विभागप्रमुखांना निवड समितीवर घेऊ नये. समारंभाला मात्र आवर्जून बोलवावे आणि पहिल्या रांगेत मधोमध बसवावे.

हा मजकूर डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचला आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: सही
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, सही
साक्षीदार: ज्याने त्या कपाटाला कुलूप बसवले तो कुलुपवाला, सही

पुरवणी, त्याच कागदावर, सह्यांनंतर लगेच.

वाचन चालू असतानाच कुलुपवाल्याचा चेहरा उतरला होता. सही करून त्याने पेन ठेवले आणि म्हणाला, “ताई, त्या कपाटाची किल्ली मी आज सकाळीच तुमच्या भावाला करून दिली. तुम्हीच मागवली म्हणाले.”

मी घरी फोन लावला. भावजयीने उचलला. धाकटा माझ्या खोलीत आहे, कपाट उघडले, आता खालची फळी रिकामी करतो आहे, असे तिने सांगितले. मी म्हटले, “त्याला बोलावू नकोस. आहेस तशी रस्त्यावर जा.”

“वन्सं, मग ह्यांना नको का सांगायला?” म्हणाली आणि फोन तसाच ठेवून आत गेली.

दागिने आईने विकले, हे मी ओरडून सांगितले. तिकडे ऐकायला कोणी नव्हते. फोन अजून चालू आहे. तो कानाशी धरून मी हे लिहिते आहे.

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार

लिहून देणार: सही
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, सही
साक्षीदार: कुलुपवाला. सही नाही. तो जिना उतरून आमच्या घराकडे धावला आहे.