जीपमधली पुढची जागा

मी वेलाफी झिकाली, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम अभयारण्याच्या पूर्व गेटाबाहेरची वस्ती, मखुझे नदीकाठ, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दारू पाजलेली नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण ज्याला माझं म्हणावं असं काही नव्हतंच. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "मामा, एवढी कसली घाई?" घाई नाही, बाई. थकलो आहे.

१. घर. वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, पत्रे आणि पाण्याच्या टाकीसह, मुलगी डुडुझिले हिला. मुलगा म्फानाफुथी अभयारण्यात पर्यटकांची जीप चालवतो, त्याला तिथे खोली आहे. त्याने इथे हिस्सा मागू नये. चुलीवरचं छप्पर गळतं, ते आधी बघावं. बारा वर्षांत या घराला मी घर म्हटलं नाही. त्यात घराचा काही दोष नाही.

२. गुरं. एकूण सात. सहा म्फानाफुथीला, एका अटीवर. त्याने त्यांना नावाने हाक मारावी. अभयारण्यातल्या एकूण एक हत्तीचं नाव त्याला पाठ आहे, आणि माझ्या गाईला तो "ती तांबडी" म्हणतो. तिचं नाव पहाटदव आहे, तिच्या आजीचंही तेच होतं. सातवा, पांढऱ्या कपाळाचा काळा बैल, कोणाचाच नाही. त्याचं काम पुढे कलम पाचमध्ये.

३. हत्यारं. तार ताणायचं यंत्र, पहार आणि दोन पकडी ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. एकतीस वर्षं मी मोठ्या मालकांच्या शेतावर गुरांना गोचिडांच्या औषधाच्या हौदातून काढलं आणि कुंपणं घातली. मग मालक म्हातारे झाले, मुलं परदेशी गेली, शेजारच्यांनीही जमिनी विकल्या. चार शेतांचं मिळून अभयारण्य झालं. ज्या हातांनी तारा ताणल्या त्याच हातांनी दोन वर्षं त्या काढल्या, कारण पर्यटकाला सलग गवत दिसायला हवं. शेवटी बाहेरचं उंच, विजेचं कुंपण घालायचं होतं. त्याचे खड्डे मीच खणले. शेवटची तार ताणून मान वर केली तेव्हा माझा गोठा आत होता आणि मी बाहेर. एक पकड माझ्या शवपेटीत ठेवायचा विचार कोणी केला असेल तर ठेवू नये. तिथे तरी मला कुंपण नको.

४. राग. हा फक्त एकच शिल्लक आहे, तेवढा लिहून मोकळा होतो.

माझी बायको झिबुयिले एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात तापाने गेली. आमच्यात पुरतात तशी तिला गोठ्याशेजारी पुरली. सहा वर्षांनी शेत सोडायची वेळ आली, तेव्हा मी रानबोरीची फांदी तोडून तिच्यावर ठेवली आणि म्हटलं, "झिबुयिले, ऊठ. बिऱ्हाड हलतंय. मागे राहू नकोस." मेलेलं माणूस त्या फांदीवर बसून बरोबर येतं. फांदी धरणाऱ्याने मग वाटेत जिवंत माणसाशी बोलायचं नसतं. मेलेल्यालाच वाट सांगायची, आणि गाडीत त्याची जागा धरायची. मी ट्रकमध्ये तिची जागा धरली. डुडुझिलेच्या मांडीवर कोंबड्या, म्फानाफुथी मागे सामानावर. "आता नदी आली, पाय उचल," मी तिला सांगितलं. "आता मालकांची चिंच गेली." सगळं नीट चाललं होतं.

गेटवर नवा पहारेकरी वही घेऊन आला, न्कोमोझेफी गुमेडे.

"किती जण?"

मी गप्प.

"ओ मामा, किती जण? बहिरे झालात का?"

"चार!" मी ओरडलो. "तुझे डोळे फुटलेत का?"

ड्रायव्हर, दोन मुलं आणि मी. डुडुझिले माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाबा, आईला मोजलं नाहीत तुम्ही."

त्याने चार लिहिले. गेट उघडलं, आम्ही बाहेर आलो. ती आली नाही. नव्या दारात बोकड कापला, तिला हाका मारल्या. पण बारा वर्षांत स्वप्नातही ती या घरात एकदाही आली नाही. दिसते ती त्या गोठ्याशीच, गुरांची वाट बघत.

पुन्हा फांदी घेऊन गेलो तर आत सिंह सोडलेले. कबरीची भेट फक्त गुरुवारी, बंदूकवाल्या माणसाबरोबर, आणि आतलं पान, शिंग, दगड काही बाहेर न्यायचं नाही. मी म्हटलं, फांदी माझ्या अंगणातली आहे. मॅनेजर म्हणाले, "आजोबा, आत गेली की ती आतलीच. आज फांदीला हो म्हटलं तर उद्या लोक शिंगं नेतील." त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. मला तिच्याशेजारी पुरा असा अर्ज दोनदा केला. नवीन दफन करता येणार नाही, असं दोनदा उत्तर आलं.

बारा वर्षं मी न्कोमोझेफीला शिव्या घातल्या. तो बिचारा रोज नमस्कार करत राहिला. त्याचं काम विचारण्याचं होतं. गप्प राहण्याचं काम माझं होतं. ते मला जमलं नाही.

५. माझी व्यवस्था. मला वस्तीत पुरा. अर्जविनंत्या करू नका, भांडू नका. बैल वस्तीतच कापून लोकांना जेवू घाला. आत गोठ्याशी कापलात तर रक्ताच्या वासाने सिंह बोलावल्यासारखे येतील.

मग म्फानाफुथीने अंगणातल्या रानबोरीची फांदी माझ्यावर ठेवून मला उठवावं. रीतीप्रमाणे वर्षभर थांबू नये. मी पुष्कळ थांबलो आहे. आतलं बाहेर आणायला बंदी आहे. बाहेरचं आत न्यायला नाही, हे मी कचेरीत तीनदा विचारून घेतलं आहे.

लेकरा, त्या दिवशी मी पर्यटक. माझं तिकीट काढ, पुढची जागा मला दे. रोज परक्यांना सांगतोस, डावीकडे रानरेडा, उजवीकडे गेंडा. त्या दिवशी मला सांग, आणि खरं सांग. औषधाचा हौद बुजवला त्या जागेला तू पाणवठा म्हणतोस, ते मी ऐकलं आहे. "बाबा, हा गोचिडांचा हौद," असं म्हण. सिंह दिसला तर थांबू नकोस. मी त्याच्यासाठी आलेलो नाही. गोठ्याशी पोचलास की फांदी आईवर ठेव आणि परत फीर.

डुडुझिले हे वाचून रडली. "तुम्हीही आत गेलात तर या घराकडे कोण बघणार, बाबा?"

पोरी, या घराला तू आहेस. तिला कोणी नाही.

स्थळ : पूर्व गेटाबाहेरची वस्ती. दिनांक १४ ऑगस्ट २०१६. सही : वेलाफी झिकाली.

साक्षीदार पहिल्या : फिलिसिवे माबिका, नर्स. "मामा शुद्धीवर आहेत आणि हट्टी आहेत."

साक्षीदार दुसरा : न्कोमोझेफी गुमेडे, पहारेकरी. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं कळलं. म्हणून याला काही दिलेलं नाही, फक्त राग परत घेतला आहे.

(सहीखाली त्याच्या अक्षरात :) "त्या दिवशी गेटवर मीच असेन. म्फानाफुथीला काही विचारणार नाही. वहीत लिहीन, आत दोन, बाहेर एक."