लिंबोणीचा ताण

प्रिय धाकटे,

तुझा फोन येतो आणि मी 'बरी आहे' म्हणून मोकळी होते. मग तूही बरी असतेस. तेवढ्यात बोलणं संपतं. म्हणून आज कागद घेतला. कागदाला घाई नसते.

मागच्या दारची लिंबोणी अजून उभी आहे. यंदा ऊन फार लवकर आलं, आणि रात्रीही हवा निवत नाही. अंथरुणावरून भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसतो. तरी तुझ्या दादाच्या रीतीनं मी तिला ताण दिला. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पोटभर पाणी द्यायचं, की ती फुलांनी लगडते. नवी नवरी होते तेव्हा मला हा छळच वाटायचा. झाडाला उपाशी ठेवून वर फूल मागायचं! तो म्हणायचा, दुपारच्या पानांवर जाऊ नकोस, ती नाटकी असतात. सकाळचं पान खरं बोलतं. ते ताठ असेल तर झाडात अजून दम आहे.

यंदा सकाळीही पानं वळलेलीच. वाचनालयातून झाडांवरचं पुस्तक आणलं. तिथली बाई म्हणाली, काकू, आता परीक्षा देताय की काय? म्हटलं, मी नाही, आमची लिंबोणी बसलीय. पुस्तकात लिहिलंय, पानांना बारीक तोंडं असतात. पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ती मिटून घेतं. पण अन्न बनवायला लागणारी हवाही तिथूनच आत येते. म्हणजे ओल राखायची तर उपास काढायचा. वाढ थांबते. त्यात रात्री गरम असल्या, तर गाठीला असलेलंही झाड खर्चून टाकतं. तुझ्या दादाचा ताण त्याच्या वेळच्या हवेतला होता, एवढं मला कळलं. वाचता वाचता हसूही आलं. तोंड मिटून ओल राखायची आणि उपाशी राहायचं, आपल्या दोघींच्या फोनचंच वर्णन की हे.

तरी मी पाणी घालेना. कारण तुला ठाऊक आहे. ताण तोडायचं पहिलं पाणी या घरात तुझं. झारी तुझ्या हातात देऊन तो बाजूला उभा राहायचा, 'बाईसाहेबांशिवाय हिचा रुसवा जात नाही' म्हणायचा, आणि तू मुद्दाम त्याच्याच पायांवर पाणी सांडायचीस. तो गेल्यापासून तू आली नाहीस. त्याच्याशिवायचं हे घर तुला बघवत नाही, हे मी समजते. कधी विचारलंही नाही. मनात धरलं होतं, झाडासाठी तरी येशील. रोज सकाळी एक पान हातात घ्यायचे आणि म्हणायचे, आजचा दिवस कळ काढ गं.

आज शेंड्याकडची फांदी जरा वाकवली, तर कट्कन मोडली. आत हिरवं नव्हतं. मग नाही थांबले. तुझीच झारी भरली आणि घातलं पाणी, हळूहळू, माती पिईल तसं. कुणाच्या पायांवर सांडलं नाही.

फूल येईलसं वाटत नाही. जगली तरी पुष्कळ. यापुढे तिला ताण द्यायचा नाही, असं ठरवलंय. लिंबं कमी तर कमी. पण झारी पालथी घालून पायरीवर बसले, तेव्हा लक्षात आलं, तुला बोलवायचं निमित्त मीच संपवलं. म्हणून हे पत्र. कसलंही काम नसताना ये. आलीस की मी 'बरी आहे' म्हणणार नाही.

दाराशी कान लावून बसलेली,
तुझीच वहिनी