दोन सायकलींपुरता रस्ता

कार्डिफ, रविवार

प्रिय आसावरी,

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू हसवतेस आणि मला आज हसायचं नाही. मला तुझा राग आला आहे. राग कसला, जळते आहे मी तुझ्यावर.

तुझ्या ऑफिसने आमच्या दारावरून सायकलचा रस्ता काढला, त्यात आमचं पार्किंग गेलं, तेव्हा मी शेजाऱ्यांशी तुझ्या बाजूने भांडले. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं डिझाइन म्हणून मिरवलेसुद्धा. तू जेवायला आलीस तेव्हा भरली वांगी वाढता वाढता मीच विचारलं, की एवढा रुंद कशाला गं? तू म्हणालीस, "दोघांना शेजारी-शेजारी, बोलत जाता आलं पाहिजे. एकामागे एक जायचं तर सायकल काढतंय कोण?" यतीन हातातला घास तसाच धरून ऐकत होता. मी हॉस्पिटलमधलं काही सांगते तेव्हा त्याचं जेवण कधी थांबत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने इलेक्ट्रिक सायकल घेतली. आता रोज सकाळी तू कोपऱ्यावर थांबतेस आणि तुम्ही दोघं गप्पा मारत ऑफिसला जाता. नाइट शिफ्टवरून आले की मी वरच्या खिडकीतून बघते. लग्न झाल्यापासून चहाआधी माझ्याशी एक शब्द न बोललेला हा माणूस तुझ्याशी वाऱ्यापावसात बोलतो. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच, आसावरी म्हणाली सिग्नल असा हवा, आसावरी म्हणाली वळण तसं हवं. परवा मी आमटी मुद्दाम खारट केली. तर म्हणाला, छान झालीये.

तुमच्यात तसलं काही नाही, हे मला ठाऊक आहे. असतं तर सरळ भांडता तरी आलं असतं. मला हेवा वाटतो तो त्या गप्पांचा. त्या माझ्या वाट्याच्या होत्या.

आणि वर तोच मला विचारतो, तू का येत नाहीस? नागपूरकर तो, त्याला वाटतं पुण्याच्या मुली सायकलवरच जन्माला येतात. मी थंडीचं निमित्त काढते. परवा त्याने तुलाही विचारलं, तर तू म्हणे माझ्या गुडघेदुखीवर ढकललंस. शाळाभर तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून फिरले मी. मला सायकल येत नाही, हे इथे फक्त तुला माहीत आहे. तू मला सांभाळून घेतलंस, आणि मला त्याचाही रागच आला.

म्हणून हे पत्र. शनिवारी यतीन बॅडमिंटनला गेला की पार्कात ये आणि मला शिकव. या वयात पडले तर पडेन, तू हसायचं नाहीस, आणि मी सांगेपर्यंत सीट सोडायची नाहीस. त्याला यातलं काही कळता कामा नये. एकदा जमलं, की तुझ्या त्या रुंद रस्त्यावर त्याच्या शेजारून मी जाणार. तू मागून ये.

तरीही तुझीच,
सुनेत्रा